मुलींना मैदान द्या
(इंदिरानगर, नाशिक येथील पालक मेळाव्यातील भाषण)



मुलगी आठवीत गेली की आपण तिला मैदानावरून घरी बोलावतो. म्हणून आज मणिपूरच्या ओइनाम बेंबेम देवी यांची हकिकत आपणांस सांगावीशी वाटते. लहानपणी त्या मुलाचे नाव घेऊन मुलांच्या संघात खेळत. १९९५ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्या भारतातर्फे खेळल्या. पुढे कर्णधार झाल्या. मधल्या फळीत चेंडू अडवावयाचा आणि पुढच्या खेळाडूस द्यावयाचा, हे त्यांचे काम. गोल बहुधा दुसऱ्याच्या नावावर लागे. खेळामुळेच त्यांना मणिपूर पोलिसांत नोकरी मिळाली. २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकानंतर त्यांनी आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्ती घेतली. २०१७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२० साली पद्मश्री मिळाली.

आपणांस पोशाखाची काळजी वाटते ना? डोके झाकून खेळण्यास फुटबॉलच्या जागतिक नियम मंडळाने २०१४ सालीच परवानगी दिली आहे. तेव्हा अभ्यास सांभाळून मुलीला रोज एक तास मैदानावर जाऊ द्या. मुलींनो, तुम्हीही गृहपाठ चुकवू नका.

बेंबेम देवींना खेळण्यासाठी मुलाचे नाव घ्यावे लागले. आपल्या मुलीवर ती पाळी येऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.