मेणाचा पहारेकरी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मोटारगाडीचं बॉनेट उघडलंत तर रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारी एक जाड रबरी नळी दिसेल. ती इंजिनाला जिथे जोडलेली असते, तिथल्या टोपीखाली बऱ्याच गाड्यांत एक छोटी झडप बसवलेली असते. काही गाड्यांत ती खालच्या नळीच्या तोंडाशी असते. तिचं नाव थर्मोस्टॅट. गॅरेजात तिला नुसतं 'वॉल्व्ह' म्हणतात, आणि तिच्यावरचा एक इलाज वर्षानुवर्षं चालत आला आहे: काढून टाकणे.

आमच्या मोहल्ल्यात गॅरेजं पुष्कळ. गाणं शिकवतो तोही उस्ताद आणि पाना फिरवतो तोही उस्ताद, हा आमच्या बोलीचा मोठेपणा. गाडी गरम होते म्हणून कुणी आलं की उस्ताद वॉल्व्ह काढून हातावर ठेवतात. "गरम मुल्क है साब, इसका क्या काम?" मालकाला ते लगेच पटतं. बाहेर एवढं ऊन असताना इंजिनातलं पाणी अडवून ठेवणारी वस्तू हवी कशाला?

पण इंजिन थंड राहणं हेही दुखणंच आहे. थंड इंजिनात तेल दाट राहतं, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि झीज वाढते. हल्लीच्या गाड्यांतला संगणक तर इंजिन थंड आहे असं कळलं की जास्त पेट्रोल सोडत राहतो. आमच्या शेजारच्या एका टूरिस्ट गाडीवाल्याचा वॉल्व्ह असाच काढला होता. डिसेंबरच्या रात्री नाशिकची फेरी असली की काटा वर यायचाच नाही, आणि अ‍ॅव्हरेज उतरलं म्हणून तो पेट्रोलपंपाला शिव्या घालायचा. गाडीवरच ज्याचं पोट, त्याला रोजचं थोडं थोडं जाणारं पेट्रोल फार महाग पडतं.

ही झडप चालते कशावर, तर मेणावर. पितळेच्या कुपीत खास जातीचं मेण भरलेलं असतं. पाणी ठरलेल्या उष्णतेला पोचलं की मेण वितळतं, फुगतं आणि दांडी ढकलतं. झडप उघडते, पाणी रेडिएटरकडे वाहू लागतं. पाणी निवलं की स्प्रिंग तिला पुन्हा मिटवते. वीज लागत नाही. अमेरिकेत सर्जियस वर्नेट यांनी १९३०च्या दशकात ही युक्ती काढली. मेणाचा उपयोग वितळण्यापुरताच असतो असं समजून आम्ही कवींनी त्याच्यावर किती ओळी खर्च केल्या! इथे ते हजारो वेळा वितळतं आणि पुन्हा कामावर हजर होतं.

उस्तादांवर मी सगळा दोष टाकणार नाही. अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या जमान्यात रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरायचे. त्यातल्या क्षारांनी नि गंजाने झडप मिटलेली अडकली, की कसारा घाटात गाडी उकळलीच. सुटा भाग हाताशी नसायचा. तेव्हा काढून टाकणं हा शहाणपणा होता. पण अ‍ॅम्बॅसिडर बनायची थांबली २०१४ साली, मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या २०२३च्या ऑक्टोबरात, इलाज मात्र मागे राहिला. शिवाय पुष्कळ इंजिनांत झडपेला खालून दुसरी तबकडी असते. वरची वाट उघडली की ती आडवाट बंद करते. ती झडप काढली तर गरम पाणी आडवाटेनेच इंजिनात घुमत राहतं, आणि थंड करायला म्हणून केलेल्या उपायाने चढावर गाडी जास्तच तापते. मग हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं. तो खर्च थर्मोस्टॅटच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

परीक्षा सोपी आहे. झडप वरच्या नळीच्या तोंडाशी असेल तर सकाळी थंड इंजिन चालू करून, पंख्याला आणि पट्ट्याला जपत, ती नळी हाताने चाचपा. काही मिनिटं ती गार राहून मग एकाएकी तापली, तर झडप ठीक. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली तर झडप उघडी अडकली आहे. काटा तांबड्याकडे निघाला आणि नळी अजून गारच, तर ती मिटलेली अडकली असावी. इंजिन लगेच बंद करा. बाहेर काढलेली झडप दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात, तळाला न टेकवता, सोडून पाणी तापवावं. तिच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास ती उघडू लागली पाहिजे. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

बदलताना इंजिन पूर्ण निवू द्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं. नवी झडप त्याच आकड्याची घ्यावी. कुपी इंजिनाच्या बाजूला हवी. कडेला हलती पिन असेल तर ती वर यावी, तिथून हवा निसटते. जुनं गॅस्केट खरवडून काढून नवंच घाला. नळाचं पाणी नको. कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. बहुतेक कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, मुलंही हात घालतात.

मग हीटर पूर्ण उघडा ठेवून, काटा मध्यावर येऊन स्थिर होईपर्यंत इंजिन चालू द्यायचं. दुसऱ्या सकाळी, गाडी थंड असताना, टाकीतली पातळी पुन्हा पाहावी. आत अडकलेली हवा निघून गेल्यावर ती थोडी खाली आलेली असते. तेवढं कूलंट वरून घालायचं.