समुद्री शेवाळ आणि आपली छाती

मालेगावहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला तरी समुद्री शेवाळ आपल्याला परके नाही. सोयाबीनवर फवारायला त्याचा अर्क कृषी सेवा केंद्रात मिळतो, आणि खरवसासारख्या वड्या जमवायचे चायना ग्रास तांबड्या शेवाळाचेच. आता हे शेवाळ प्रदूषित हवेपासून छातीचे रक्षण करते, असेही सांगितले जाते. त्यामागे खरे संशोधन आहे. चुलीच्या धुरातले, ट्रकच्या काजळीतले अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत पोचतात. तिथल्या रक्षक पेशी ते गिळतात, पण काजळी पचवता येत नाही. मग त्या धोक्याचे रासायनिक संदेश सोडत राहतात आणि आतला भाग सुजतो. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी अशा पेशींना सरगॅसम या तपकिरी शेवाळाचा अर्क दिला, तेव्हा हे संदेश कमी झाले. उंदरांतही दाह घटला. आपल्या कोकणच्या खडकांवरही सरगॅसमच्या जाती वाढतात.

पण काचेच्या बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. बशीत अर्क थेट पेशीवर पडतो. तोंडाने घेतलेला पोटातून, यकृतातून जातो, आणि शेवाळातले फ्युकॉइडनसारखे मोठे रेणू तर रक्तात फारच थोडे उतरतात. माणसांवरची चाचणी कशी असावी, याचा नमुना पूर्व चीनमध्ये आहे. तिथे २९१ जणांना १२ आठवडे पेय दिले. ज्यांच्या पेयात ब्रोकोलीचे मोड होते, त्यांच्या लघवीतून प्रदूषित हवेतल्या बेंझिनचे अवशेष ६१ टक्के जास्त बाहेर पडले. तेवढ्यानेही फुप्फुस वाचले असे सिद्ध होत नाही, आणि ती ब्रोकोली होती, शेवाळ नव्हे. कोणी म्हणेल, जपानी लोक पिढ्यान्‌पिढ्या शेवाळ खातात, मग त्याच्या भुकटीने काय बिघडणार? बिघडू शकते. शेवाळात आयोडीन भरपूर असते, ते थायरॉइडच्या रुग्णाला बाधते. आणि हिजिकी या जपानी शेवाळात अकार्बनी आर्सेनिक आढळल्याने ब्रिटनच्या अन्न संस्थेने २००४ मध्ये ते खाऊच नका, असे बजावले.

संशोधन जरूर व्हावे, आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळावरही व्हावे. पण धूर आत घेऊन मग त्यावर उतारा शोधण्यापेक्षा तो आत जाऊ न देणे सोपे आणि स्वस्त. गॅस आला तरी पाणी तापवायला चूल पेटतेच; ती निदान उघड्यावर, लेकराबाळांपासून दूर पेटवा. सोयाबीनच्या मळणीत थ्रेशर असा लावा की कुटार आणि धूळ वाऱ्याबरोबर माणसांपासून दूर जाईल. आणि नाकाला दुपट्टा गुंडाळण्याऐवजी एन-९५ मास्क घट्ट बसवा. बारीक कण दुपट्ट्यातून सहज आत जातात.