केस पेपर मोबाइलवर येताना



दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला जातं, कुणी कर्नाटकात. त्या टोळीत एखादी सहा महिन्यांची गरोदर बाईही असते. गावच्या उपकेंद्रात तिची नोंद झालेली असते. रक्तगट, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, आधीचं बाळंतपण सिझेरियन होतं का, हे सगळं आरोग्यसेविकेच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. रजिस्टर उपकेंद्रातच राहतं. हातात दिलेलं माता-बाल कार्ड कोपीत भिजतं, नाहीतर गावीच पत्र्याच्या पेटीत राहून जातं. मग फडावर रात्री कळा सुरू झाल्या आणि तिला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, की तिथल्या डॉक्टरांना तिच्याबद्दल काहीच ठाऊक नसतं. तिला स्वतःला जेवढं आठवतं आणि त्या अवस्थेत सांगता येतं, तेवढ्यावर त्यांना भागवावं लागतं.

माझ्या मते आरोग्याची ऑनलाइन नोंद हवी ती अशा बाईसाठी. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांची ॲप्स असतात, तिथल्या लोकांचं कसंही निभावतं. खरी गरज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत आहे. म्हणून सरकारी दवाखान्यांत हल्ली ज्याची विचारणा होते, त्या 'आभा' खात्याबद्दल आज बोलतो.

15 ऑगस्ट 2020 ला सहा केंद्रशासित प्रदेशांत ही योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि 27 सप्टेंबर 2021 पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावानं देशभर आली. तुम्हाला 14 अंकी आभा क्रमांक मिळतो. त्याच्याशी तुमचे तपासणीचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्जचे कागद जोडता येतात आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये पाहता येतात. जुन्या कागदांचे फोटो काढून तुम्ही स्वतःही त्यात ठेवू शकता. रचना अशी आहे, की सगळी माहिती दिल्लीत एका जागी गोळा होत नाही. ज्या दवाखान्यानं नोंद केली त्याच्याकडेच ती राहते. दुसऱ्या डॉक्टरांना ती पाहायची असेल तर तुमच्या मोबाइलवर विचारणा येते. काय दाखवायचं, किती दिवसांसाठी, हे तुम्ही ठरवता. दिलेली संमती मागेही घेता येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आभा कार्ड म्हणजे पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे. नावं जवळची असल्यामुळे लोक आभा कार्ड घेऊन रुग्णालयात जातात आणि निराश होऊन परततात. आभानं पैसे मिळत नाहीत; मिळते ती तुमची नोंद. आणि ते ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हे या योजनेच्या डिसेंबर 2020 च्या धोरणातच म्हटलेलं आहे. केस पेपर काढताना कुणी अडवलं, तर हे शांतपणे पण ठामपणे सांगा.

आपले कागद आपण वाचल्यानं काय होतं, हे अमेरिकेत पाहिलं गेलं आहे. 2010 मध्ये बोस्टन, पेनसिल्व्हेनियाचा ग्रामीण भाग आणि सिएटल अशा तीन ठिकाणी 105 डॉक्टरांनी आपली टिपणं रुग्णांना ऑनलाइन वाचायला खुली केली. सिएटलचं रुग्णालय तर गोरगरिबांना सेवा देणारं. डॉक्टरांना धास्ती होती, की आता शंकांचा पाऊस पडेल, माणसं घाबरतील. वर्षभरानंतर शंका-पत्रांचा बोजा वाढलेला नव्हता, आणि एकाही डॉक्टरनं टिपणं बंद करायला सांगितलं नाही. औषधं घेणाऱ्या अनेक रुग्णांनी सांगितलं, की वाचल्यापासून आम्ही गोळ्या जास्त नियमित घेतो. बीपी-शुगरच्या गोळ्या बरं वाटताच सोडून देणारी माणसं आपल्या प्रत्येक घरात आहेत, म्हणून मला हे मोलाचं वाटतं.

पण वाचता आलं तर. 'एचबी 8.2' एवढं इंग्रजी आकड्यात मोबाइलवर आलं, तर त्या ऊसतोड बाईनं काय समजायचं? गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या वर हवं, तुझं कमी आहे, लोहाच्या गोळ्या चालू ठेव आणि अमुक तारखेला परत ये, हे तिला मराठीत कुणीतरी सांगायलाच हवं. ते काम ॲप करणार नाही. ते समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका आणि आशाताईच करू शकतात, आणि त्यांच्या वेळापत्रकात त्यासाठी जागा ठेवावी लागेल. आधीच डझनभर रजिस्टरं आणि ॲप्स भरणाऱ्या आशाताईवर आणखी एक काम टाकून मोकळं होणं अन्यायाचं आहे.

दुसरी गोष्ट मोबाइलची. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया होत्या फक्त एक तृतीयांश. मे 2021 आठवा. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना कोविडच्या लशीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. खेड्यातल्या केंद्रावर शहरातल्या गाड्या येऊन उभ्या राहत होत्या आणि गावातली माणसं बाहेर ताटकळत होती. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा द्यावी लागली. तोच प्रकार ओपीडीच्या खिडकीवर होता कामा नये. क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेणाऱ्यांची रांग पुढे सरकते, हे चांगलंच आहे. पण साध्या केस पेपरची खिडकी त्यासाठी एक मिनिटही बंद होऊ नये.

आणि मोबाइल घरात असला, तरी तो कुणाच्या खिशात असतो? एखादी सून तांबी बसवायला येते, कुणी गर्भपातासाठी येते, एखाद्या मुलीची सिकलसेलची तपासणी होते आणि ती वाहक निघते. हे सगळं नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या फोनवर जाऊन पडलं, तर त्या बाईचं घरात राहणं अवघड होईल, त्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडेल. संगणकाच्या भाषेत संमती मिळालेली असते, कारण ओटीपी आलेला असतो. पण ओटीपी ज्यानं सांगितला, तो वेगळाच माणूस असतो. मला या सगळ्या योजनेत सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. कोणताही नंबर जोडण्याआधी बाईला बाजूला घेऊन, सोबत आलेल्यांना बाहेर थांबवून विचारायला हवं, की ही नोंद कुठे जाऊ दे? तिनं 'नको' म्हटलं, तर तो विषय तिथेच संपला पाहिजे.

माहिती चोरीला जाण्याची भीतीही वाजवी आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि दोनेक आठवडे तिथलं काम कागदावर चालवावं लागलं. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपल्या केंद्रात वीज आणि नेट एकाच दुपारी गेल्यावर काय होईल, याचा विचार आधी हवा. कागदाचं कार्ड काढून टाकू नका. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना छापील गोषवारा द्या, मोठ्या अक्षरात, मराठीत.

तालुक्याच्या मासिक बैठकीत आज आकडा विचारला जातो तो किती आभा खाती काढली याचा. शिबिर लावून, आधार आणि ओटीपी घेऊन तो आकडा दिवसात फुगवता येतो. खाती निघतात आणि रिकामी राहतात, कारण डॉक्टरांची चिठ्ठी अजून कागदावरच असते. माझी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, की त्या तक्त्यात दोन रकाने वाढवा: या महिन्यात किती खात्यांत एक तरी रिपोर्ट जोडला गेला, आणि किती रुग्णांना तो समजावून सांगितला. आणि स्थलांतराला निघणाऱ्या गरोदर बायकांची यादी सप्टेंबरातच करून त्यांच्यापासून सुरुवात करा. टोळ्या ऑक्टोबरात निघतात.