दाढ दुखण्याआधी

दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने ते जवळजवळ ९६ टक्के खनिज असते. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, आणि ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. म्हणून मोडलेले हाड जुळते, पण फुटलेले एनॅमल पुन्हा भरून येत नाही. आणि ते पोखरले जात असताना काहीही दुखत नाही. घराजवळच्या दाताच्या दवाखान्यात होणाऱ्या उपचारांचा क्रम, खर्च आणि त्रास बहुतांशी या न दुखण्यावर ठरतो. पेशंट दुखायला लागल्यावर येतो, आणि दातापुरते बोलायचे तर तोवर बराच उशीर झालेला असतो.

मराठीत दाताला ‘कीड लागते’, दाढ ‘किडते’. या शब्दामागची समजूत फार जुनी आहे आणि ती एकट्या भारतातली नाही. दातात अळी शिरते असे बाबिलोनमध्येही मानत. खेड्यापाड्यांत अळी पाडण्यासाठी दुखऱ्या दाढेला रिंगणीच्या बियांची धुरी देत. फ्रान्समधल्या पिएर फोशारने १७२८ साली दंतवैद्यकावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्याने ही अळी नाकारली. शब्द मात्र राहिला, आणि तो थोडी दिशाभूल करतो. कीड म्हटले की ती मारायचे औषध असेल असे वाटते. लवंगेचे तेल, मिठाची गुळणी, मेडिकलमधून आणलेली गोळी हे सगळे त्या अदृश्य किड्यावर सोडले जाते.

प्रत्यक्षात दात पोखरते ते आम्ल. दातांवर सतत जिवाणूंचा एक मऊ, पांढुरका थर साचत असतो. सकाळी जिभेला दात बुळबुळीत लागतात तो हाच, प्लाक. त्यातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ पचवून आम्ल तयार करतात. खाल्ल्यावर काही मिनिटांतच या थराची आम्लता वाढते, पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात. मग लाळ ते आम्ल हळूहळू सौम्य करते आणि गेलेली खनिजे थोडीफार परत बसवते. याला अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे ठरते. जेवणात दोन लाडू खाणाऱ्यापेक्षा दिवसभरात पाच वेळा गोड चहा आणि दर वेळी दोन बिस्किटे घेणाऱ्याच्या दाढा लवकर जातात, कारण लाळेला मधे सवडच मिळत नाही. झोपेत लाळ फार कमी पाझरते. म्हणून रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा अधिक कामाचा, आणि आपल्या घरांतून वगळला जातो तो नेमका हाच.

फ्लोराइडचे काम इथेच असते. विरघळलेल्या जागी खनिज परत बसताना फ्लोराइड मिळाले, तर नवा थर आम्लाला सहजी दाद देत नाही. १९४५ साली अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. महाराष्ट्रात याची दुसरी बाजूही दिसते: यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. तो डाग घासून जात नाही, कारण तो दात घडतानाच पडलेला असतो. पेस्टच्या बाबतीत मोजमाप सोपे आहे. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्टची नागमोडी लाट दातांसाठी नसून विक्रीसाठी असते. घासून झाल्यावर फेस थुंकावा, लगेच खळखळून चुळा भरू नयेत. नाहीतर फ्लोराइडही धुऊन जाते. ब्रश मऊ असावा आणि हात हलका. राखुंडीने किंवा कडक ब्रशने आडवे, जोर लावून घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीलगत कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखी खाच पडते, आणि थंड पाणी लागले की तिथूनच कळ उठते.

दवाखान्यातल्या पहिल्या तपासणीत फार काही नाट्यमय घडत नाही. छोटा आरसा, टोकदार सळी, हवेचा झोत आणि प्रकाश. दात कोरडा केला की पहिला बदल दिसतो: ओल्या दातावर न दिसणारा खडूसारखा पांढरा ठिपका. या टप्प्यावर ड्रिल लागत नाही. फ्लोराइडचा लेप आणि खाण्याच्या वेळा बदलणे एवढ्यावर तो ठिपका थांबू शकतो. दोन दाढांच्या मधली कीड आरशात दिसत नाही, तिच्यासाठी एक्स-रे लागतो. पेशंटला हा एक्स-रे वाढीव खर्च वाटतो, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जागीच कीड सर्वांत निवांत वाढते.

एनॅमल ओलांडून कीड आतल्या डेंटिनमध्ये शिरली की खड्डा वेगाने रुंदावतो. डेंटिनमध्ये सूक्ष्म नळ्या असतात. त्यांतला द्रव थंड, गोड किंवा हवेने हलला की आतल्या मज्जातंतूला जाणवते. आइस्क्रीमने कळ आली आणि लगेच थांबली, तर दात अजून भरून वाचतो. पूर्वी दाढेत ‘चांदी’ भरत, म्हणजे पारा आणि चांदी-कथिल यांचे मिश्रण. आता बहुतेक ठिकाणी दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरतात. ते दाताला चिकटते त्याचे श्रेय मायकेल बुओनोकोरे यांना. आम्लाने एनॅमलचा पृष्ठभाग खरखरीत केला तर राळ घट्ट धरते हे त्यांनी १९५५ मध्ये दाखवले. किडलेला भाग काढायचा, आम्ल लावून धुवायचे, चिकटद्रव्य लावायचे, मग पातळ थरांनी भरत प्रत्येक थर निळ्या प्रकाशात कडक करायचा. शेवटी दातांमध्ये रंगीत कागदाची पट्टी ठेवून ‘चावा’ म्हणतात. जिथे ठिपका गडद उमटतो तिथे भरण उंच राहिलेले असते. ते घासून बेताचे करतात. तोंड बधिर असल्याने पेशंट ‘बरोबर आहे’ म्हणून मोकळा होतो आणि रात्री चावताना त्याला एकच दाढ आधी टेकते. अशा वेळी परत जाऊन ती घासून घ्यायला संकोच करू नये. पाच मिनिटांचे काम असते.

पुढचा टप्पा लोक सर्वाधिक घाबरतात तो. दाताच्या गाभ्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, त्याला पल्प म्हणतात. जंतू तिथे पोचले की तो सुजतो. पण त्याच्या भोवती कठीण भिंती आहेत, सुजायला जागाच नाही. म्हणून ठणका लागतो. आडवे झाले की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून तो रात्री वाढतो. थंड पाण्याने आलेली कळ मिनिटभर रेंगाळू लागली, किंवा काही न खाता ठणकू लागले, की पल्प वाचण्याची शक्यता जवळजवळ संपलेली असते. घरोघरी पुढे काय होते ते ठरलेले आहे: लवंगेचे तेल, वेदनाशामक, शेजाऱ्याकडे उरलेले अँटिबायोटिक. लवंगेला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिच्यातले युजेनॉल खरोखरच बधिर करते आणि दवाखान्यातल्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही ते असते. मग तीन-चार दिवसांनी दुखणे आपोआप थांबते, आणि माणूस ठरवतो की दाढ बरी झाली. ती बरी होत नाही, मेलेली असते. सांगायला मज्जातंतू उरलेला नसतो एवढेच. जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात, आणि काही महिन्यांनी हिरडीवर पुवाची पुटकुळी किंवा गालाला सूज दिसते.

रूट कॅनाल उपचारात हा रोगट पल्प काढून मुळांतल्या नळ्या स्वच्छ करतात. भूल आधी देतात. आजच्या भुलीचे मूळ औषध लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले आणि १९४८ पासून वापरात आले. त्याआधीच्या पिढ्यांनी सांगितलेल्या दाढकाढणीच्या गोष्टी या औषधापूर्वीच्या आहेत. मग बारीक लवचीक फायली एकापेक्षा एक जाड अशा क्रमाने नळीत फिरवतात, मधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळे, पण नळ्या अनेकदा चार. चौथी सुटली तर दुखणे राहते. स्वच्छ नळीत गटापर्चा भरतात, जो मलाया भागातल्या एका झाडाच्या चिकापासून मिळतो. इथवर आल्यावर दुखणे थांबते आणि पुष्कळ पेशंट कॅप बसवायला येतच नाहीत. पोकळ झालेली दाढ चघळण्याचा जोर एकटी पेलत नाही; एक दिवस भाजलेल्या चण्यावर ती उभी चिरते, आणि मग काढण्यावाचून इलाज राहत नाही.

दाढ काढली की डोळे अधू होतात, ही समजूत महाराष्ट्रात शिकल्या-सवरल्या घरांतही आहे. दाताचा मज्जातंतू आणि दृष्टीचा मज्जातंतू पूर्णपणे वेगळे. वरची दाढ काढल्याने नजर जात नाही. काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरायचा, त्या दिवशी थुंकायचे नाही, चुळा भरायच्या नाहीत, विडी ओढायची नाही, कारण खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ निघाली तर हाड उघडे पडून दाढदुखीहून वाईट दुखते. रिकाम्या जागेवर पूल, काढता-घालता येणारा दात किंवा इम्प्लांट बसवता येतो. इम्प्लांटचा पाया स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या निरीक्षणात आहे: टायटॅनियमशी हाड घट्ट जुळते. पहिल्या पेशंटला तो त्यांनी १९६५ मध्ये बसवला.

हिरडीचा आजार किडीपेक्षाही गप्प असतो. न काढलेला प्लाक लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, तो टार्टर. खालच्या पुढच्या दातांच्या मागे तो सर्वाधिक साचतो, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथे उघडतात. ब्रश करताना रक्त येणे ही पहिली खूण. लोक रक्त दिसले की तिथे घासणे सोडतात, त्याने ते वाढते. या टप्प्याला क्लीनिंग केल्यास हिरडी पूर्ववत होते. पुढे हाड झिजू लागले की गेलेले हाड सहसा परत येत नाही. ‘क्लीनिंगने दात हलायला लागले’ ही तक्रार दवाखान्यात नेहमीची. टार्टरने एकमेकांना बांधून ठेवलेले दात आधीच हललेले असतात. बांध निघाला की ते कळते. मधुमेह आणि हिरडी यांचे नाते दुहेरी आहे: साखर वाढली की हिरडी बिघडते, आणि बिघडलेली हिरडी साखर आटोक्यात येऊ देत नाही. म्हणून केसपेपरवर मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, गरोदरपण यांची नोंद करतात. त्या गोळ्या पेशंटने आपल्या मनाने बंद करू नयेत.

घरातल्या लहानांसाठी एकच दाढ लक्षात ठेवली तरी पुष्कळ. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. काही पडले नाही म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती आयुष्यभराची असते. तिच्या वरच्या खोल चिरा सीलंटने बुजवल्या तर ती टिकते. त्यासाठी ना सुई लागते, ना ड्रिल. तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात काळे पडतात, खालचे जिभेखाली झाकलेले राहून वाचतात. खेळताना कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभराच्या आत दवाखाना गाठावा. तो परत बसवता येतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

मिश्री लावणाऱ्या बायका आणि गुटखा खाणारी मुले दातांसाठी येतात, पण डॉक्टरचे लक्ष गालाच्या आतल्या त्वचेकडे असते. सुपारीने ती पांढरी, ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. आपलीच तीन बोटे उभी तोंडात मावतात का, ही घरी करायची तपासणी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी पानटपरीवर सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या घेऊन तो हातावर तयार होतो. दोन-तीन आठवडे न भरणारा चट्टा किंवा जखम असेल तर तुकडा तपासायला पाठवतात.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, सकाळी मऊ ब्रशने घासायची. दात गेले की हाड वर्षावर्षाने खाली बसते, त्यामुळे जुनी कवळी सैल होऊन एका जागी घासू लागते आणि तिथे सतत व्रण पडतो. पावडर लावून ती घट्ट करण्यापेक्षा आतून नवे अस्तर करून घेणे बरे. ‘आता दातच नाहीत, दाखवायचे काय’ असे आजी-आजोबा म्हणतात. तरीही वर्षातून एकदा त्यांना खुर्चीत बसवून डॉक्टर कवळी बाजूला ठेवतात, गॉजच्या तुकड्यात जीभ धरून तिच्या दोन्ही कडा पाहतात, आणि बोटांनी जिभेखालचा भाग चाचपतात.