आपल्या धर्मग्रामाची नदी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



महोत्सव समितीने आम्हांस 'धर्मग्रामाची पन्नास वर्षे' या विषयावर बोलावयास सांगितले होते. तो विषय आपल्यातील ज्येष्ठ मंडळींनी आताच ह्या व्यासपीठावरून आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने मांडला आहे. म्हणून समितीची क्षमा मागून आम्ही दुसराच विषय घेत आहोत.

गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांस विचारले की, आपल्या धर्मग्रामाची पूर्वेकडील सीमा कोणती? एक म्हणाला, 'भिंत'. दुसरा म्हणाला, 'नाला'. दोघांचेही चुकले असे म्हणवत नाही, कारण मुलांस जे दिसते तेच ती सांगतात. परंतु आमच्या कचेरीतील सीमापत्रात त्या जागी 'मिठी नदी' असे शब्द आहेत. त्या दोन शब्दांविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

नदी लहान आहे. विहार तलावाच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत तिची लांबी 18 किलोमीटरही पुरती भरत नाही. गोदावरी-कृष्णेच्या पंक्तीस तिला कोणी बसविणार नाही. पण पवित्र शास्त्र वाचणाऱ्याने लहान नदीस हसू नये. नामान सेनापती कुष्ठाने पीडित होऊन अलीशा संदेष्ट्याकडे आला, तेव्हा यार्देनेत सात वेळा बुडी मारण्याची आज्ञा ऐकून तो संतापलाच होता. आमच्या दिमिष्काच्या नद्या ह्या ओढ्यापेक्षा चांगल्या नाहीत काय, असा त्याचा प्रश्न! आणि किद्रोन तर निव्वळ ओहळ. यरुशलेमेच्या राजांनी मंदिरातील नकोशा वस्तू काढल्या की त्या किद्रोनेत नेऊन टाकावयाच्या, असे इतिहासाच्या पुस्तकात एकापेक्षा अधिक वेळा आले आहे. शहराने जे नको ते जेथे टाकले, तोच ओहळ ओलांडून आपला प्रभू दुःखसहनाच्या रात्री बागेत गेला. सेमिनरीत असताना हे आम्ही शंभरदा वाचले असेल, पण त्या ओहळाकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते.

'मिठी' ह्या नावाचा उगम पंडितांनी शोधावा. कोणी 'मीठ' म्हणतो, कोणी 'मिठा' म्हणजे गोड म्हणतो, आणि आपल्या मराठीत तर मिठी म्हणजे आलिंगन. वरच्या अंगास पाणी गोड आणि खालच्या अंगास भरतीचे खारे, म्हणून पहिले दोन्ही अर्थ आपापल्या जागी खरे ठरावेत. विहारचा बांध 1856 साली बांधावयास घेतला व 1860 मध्ये पुरा झाला. तहानलेल्या मुंबई शहरास नळाने मिळालेले पहिले पाणी ते हेच. पुढे 1890 च्या सुमारास पवईचा तलाव झाला. त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही, ही गोष्ट निराळी. ह्या दोन तलावांचे जे पाणी पावसाळ्यात सांडव्यावरून उतरते, ते नदीचे. म्हणजे असे पाहा : नदीचे स्वतःचे पाणी आपण उगमापाशीच अडवून घेतले. पावसाचे चार महिने वजा केले तर उरलेल्या आठ महिन्यांत तिच्या पात्रात जे काही वाहते, ते बहुतांशी आपल्याच घरांचे, गोठ्यांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी आहे. 'नाल्यास दुर्गंधी येते' अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. ती दुर्गंधी कोणाची, हे तक्रार करणाऱ्यांनी एकदा मनात आणावे.

आता ह्या पाण्याबरोबर आपण थोडे खाली चालत जाऊ. उगमापाशी आरेच्या रानाकडेला वारली बांधवांचे पाडे आहेत. आपल्या सर्वांहून ते येथे जुने. त्यानंतर मरोळ. मरोळच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांची मूळ वस्ती कोंडिता गावी होती. तेथे येशूसंघाच्या धर्मगुरूंनी 1579 साली बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे मंदिर उभारले. 1840 मध्ये साथ आली आणि लोक गाव सोडून मरोळला आले. त्या मंदिराच्या भिंती आज सीप्झच्या आवारात उभ्या आहेत, व वर्षातून एकदा तेथे मिस्सा होतो. ज्याने आपले सर्व कार्य नदीच्या पाण्यात केले त्या संताच्या नावाने आपल्या पूर्वजांनी आपले पहिले मंदिर बांधले, ह्यात आम्हांस योगायोगापेक्षा काही अधिक दिसते. हे आमचे खासगी मत समजावे.

एक वृद्ध माउली, जिचे माहेर ह्याच काठचे, आम्हांस सांगत असे की पहिला पाऊस झाला की मुलगे पाग घेऊन पाण्यावर धावत, आणि भाताच्या खाचरांतून चिवण्या व मुठे टोपलीभर मिळत. कपडे नदीवर, गुरे नदीवर, आणि सुनांची भांडणेही नदीवरच. तिच्या नातवाला हे खरे वाटत नसे. तो म्हणे, "आजी, तू नाल्यातले मासे खाल्लेस?" ती माउली आता प्रभूच्या घरी आहे.

मरोळच्या पुढे साकीनाका. येथे लहान लहान कारखाने व भंगाराची दुकाने, तेलाची पिंपे धुणारे मजूर. पोट हातावर असलेली ही माणसे दूरच्या प्रांतांतून आलेली. आपल्या रविवारच्या मिस्साला त्यांतील काही येतात व मागे उभी राहतात. पुढे नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते आणि तेथे तिला वळणेही माणसाने आखून दिली आहेत. मग कुर्ल्याचे क्रांतीनगर, मग 1606 सालचे मंदिर असलेले कोळेकल्याण, ज्यास आपण आज कालिना म्हणतो. त्यापलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाचे काचेचे वाडे. तेथे पूर्वी खाजण होते, तिवरांचे रान होते, आणि भरतीचे पाणी ऐसपैस पसरावयास जागा होती. शेवटी धारावी, आणि माहीमचे कोळी, ज्यांच्या जाळ्यांत आपल्या सर्वांच्या घरचा कचरा जाऊन पडतो. कोळी बांधवांनी ह्याबद्दल आपल्याकडे कधी येऊन तक्रार केल्याचे आम्हांस ठाऊक नाही. आपण कोण, हे त्यांस काय माहीत!

पाणी नेहमी खालच्या शेजाऱ्याकडे जाते. तेव्हा खालच्या शेजाऱ्यास आपण काय पाठवितो, हा प्रश्न 26 जुलै 2005 रोजी आमच्यापुढे अशा रीतीने उभा राहिला की तो आजवर हटला नाही.

त्या दिवसाचे आकडे सर्वांस ठाऊक आहेत. सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास मात्र 75 मिलिमीटरही नाही. शहराची जुनी गटारे तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली, आणि त्यात समुद्रास भरती. राज्यात एक हजाराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच पुष्कळ मुंबईकरांस कळले की आपल्या उपनगरांतून एक नदी वाहते! त्याच वर्षीच्या ऑगस्टात सरकारने नदीच्या विकासासाठी व संरक्षणासाठी प्राधिकरण नेमले.

आम्ही त्या वेळी ह्याच नदीकाठच्या दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. धर्मग्रामाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष त्याचा नव्हे, आमचा होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात आवारातील जुनी स्नानगृहे पाडून नवी बांधण्याचे काम आमच्याकडे सोपविले होते. राडारोडा कोठे टाकावा, असे कंत्राटदाराने विचारले. लांब नेण्यास भाडे अधिक पडत होते. आम्ही म्हणालो, "समोर नाल्याच्या कडेला टाका, तेथे सर्वच टाकतात." सहा गाड्या गेल्या. आम्ही हिशेबात वाचलेली रक्कम दाखविली आणि वडील धर्मगुरूंनी आम्हांस शाबासकी दिली.

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी तांदूळ व घोंगड्या घेऊन आम्ही पलीकडच्या काठी गेलो. तेथील चार झोपड्यांच्या मागील भिंती वाहून गेल्या होत्या. माणसे वाचली होती, कारण जवळच्या मशिदीने गच्चीचे दार उघडून दिले होते. एका गृहस्थाने आम्हांस काठावर नेऊन दाखविले : "फादर, पाणी येथून आत वळले. समोरून कोणीतरी भराव घातला आहे, त्याने प्रवाह ह्या अंगास ढकलला." आम्ही समोर पाहिले. चिखलातून हिरव्या किनारीच्या फरश्या वर आल्या होत्या. त्या फरश्या आम्ही दोन वर्षे रोज पायांखाली तुडविल्या होत्या.

आमच्या सहा गाड्यांनी महापूर आणला, असे कोणी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. पण त्या गृहस्थास आम्ही उत्तर दिले नाही. तांदूळ दिला व परत आलो. त्याने आमचे आभारही मानले. पापनिवेदनात आम्ही ही गोष्ट सांगितली, परंतु ज्याचे घर गेले त्यास सांगितली नाही. पुढे तेथे भिंत बांधण्याकरिता काठावरच्या वस्त्या हलविल्या, आणि तो गृहस्थ कोठे गेला हे आम्हांस शोधूनही कळले नाही.

2005 नंतर नदी रुंद केली, खोल केली, दोन्ही काठांस भिंती बांधल्या. भिंतींचा उपयोग आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यामुळे नदी रस्त्यावरून दिसेनाशी झाली, आणि जे दिसत नाही त्यात टाकण्यास हात अधिक धजावतो. पाणी मात्र भिंतीस ओळखतेच असे नाही. ऑगस्ट 2025 मध्ये नदी धोक्याच्या पातळीवर चढली आणि क्रांतीनगरच्या शेकडो रहिवाशांस घरे सोडून जावे लागले.

हे दुर्दैव केवळ आपले नव्हे. आफ्रिका खंडात केनिया देशाची राजधानी नैरोबी हिचे नाव तेथील एका लहानशा नदीवरून पडले. मसाई लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ 'थंड पाणी' असा आहे. त्या थंड पाण्याची दशा आज आपल्या गोड पाण्यासारखीच झाली आहे, आणि 2024 च्या पुरानंतर तिच्या काठची गरिबांची घरे मोठ्या संख्येने पाडली गेली. त्याच शहराच्या कांगेमी वस्तीत नोव्हेंबर 2015 मध्ये पोप फ्रान्सिस गेले होते व पाणी हा गरिबांचा हक्क आहे असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी सृष्टीच्या संगोपनाविषयीचे त्यांचे परिपत्रक 'लाउदातो सी' प्रसिद्ध झाले. ते आपल्या ग्रंथालयात आहे. त्याची पाने अद्याप कोरी वाटतात, एवढेच सांगतो.

आणि उमेद धरण्यास कारण नाही असेही नव्हे. धारावीच्या टोकाशी, ह्याच मिठीच्या काठी, एके काळी शहराचा उकिरडा होता. त्यावर झाडे लावून 1994 मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान उघडण्यात आले. आज तेथे दाट राई आहे व पक्षी येतात. आम्ही स्वतः जाऊन पाहिले आहे. मुलांस घेऊन जाण्याजोगी जागा आहे.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी खरे पाहता आम्ही हा विषय घेतला. महोत्सवानिमित्त आपण जुना व्हरांडा व पाठीमागची खोली पाडीत आहोत. राडारोडा उचलण्यासाठी समितीकडे दोन दरपत्रके आली. एकाचा दर दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. माल कोठे टाकणार, असे आम्ही त्यास विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "फादर, ते तुम्ही विचारू नका." समितीतील काही मित्रांचे म्हणणे असे की पैसा धर्मग्रामातील गरिबांचा आहे, तो वाचवावा. त्यांचा हेतू शुद्ध आहे. वीस वर्षांपूर्वी आमचाही शुद्धच होता.

आम्ही महाग दर स्वीकारला आहे. राडारोडा दहिसर येथील महानगरपालिकेच्या प्रक्रिया केंद्रात जाईल. जी वाढीव रक्कम पडेल त्यासाठी आतषबाजीचा व मंडपावरील रोषणाईचा खर्च आम्ही काढून टाकला आहे, ह्याबद्दल तरुण मंडळी आमच्यावर रागावली आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही काही रक्कम अपुरी पडते. तिची पेटी दाराशी ठेविली आहे. प्रत्येक गाडीची केंद्रातून मिळालेली पावती कचेरीच्या फलकावर लावली जाईल. पहिल्या दोन आज सकाळी लागल्या आहेत. ज्यांस पाहावयाच्या असतील त्यांनी घरी जाताना पाहून जावे. कचेरी आठ वाजेपर्यंत उघडी आहे.