पोटाला पट्टा, पण निर्णय कुणाचा?

(वरकुटे, ता. इंदापूर येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



लठ्ठपणावरचं ऑपरेशन हा फक्त मुंबई-पुण्याच्या श्रीमंत बायकांचा विषय राहिलेला नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आपल्या गावातही आहे, आणि जाहिराती घरात पोचल्या आहेत. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

प्रत्येक जाड बाईला ऑपरेशन लागत नाही. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. उत्तर ४० किंवा अधिक आलं, किंवा ३५ च्या वर असून जोडीला मधुमेहासारखा गंभीर आजार असला, तर आपल्याकडे विम्यात साधारण या ऑपरेशनचा विचार होतो. पाच फुटी बाईचं वजन सुमारे ९३ किलो असेल, तेव्हा हा आकडा ४० होतो. 'मुलीचं लग्न जमत नाही' हा आजार नव्हे. तो समाजाचा आजार आहे, आणि त्यासाठी मुलीच्या पोटाला चिरा देण्याचं कारण नाही.

आता पट्ट्याविषयी. गॅस्ट्रिक बँड म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती दुर्बिणीतून बसवलेला सिलिकॉनचा पट्टा. त्याची नळी कातडीखालच्या छोट्या डबीला जोडलेली असते. डबीत सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. यात जठर कापत नाहीत, म्हणून सुरुवातीला तो सुरक्षित ठरला. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पट्टा बसवलेल्या १,१९८ रुग्णांपैकी पहिल्या ३० दिवसांत एकही दगावला नाही.

पण प्रश्न पुढच्या वर्षांचा असतो. पट्टा सरकतो, जठरात रुततो, डबी गळते, उलट्या होतात, आणि अनेकींना तो काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. स्वीडनच्या २००७ सालच्या अभ्यासात दहा वर्षांनंतर पट्ट्याने सरासरी १४ टक्के वजन उतरलेलं होतं, तर बायपासने २५ टक्के. ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूही कमी होते, म्हणजे हे सगळं थोतांड आहे असं नाही. पण पट्टा आज मागे पडला आहे. जठराचा मोठा भाग काढून टाकणारी 'स्लीव्ह' आणि बायपास ही ऑपरेशनं जास्त होतात.

२०१७ साली इजिप्तहून इमान अहमद ही बाई मुंबईत आली. तिचं स्लीव्ह ऑपरेशन झालं. बातम्या होत्या त्या किती किलो उतरले याच्या. तिला आधी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, इतर आजारही होते. पुढे तिला अबू धाबीला नेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती गेली. काट्यावरचा आकडा म्हणजे बाईची प्रकृती नव्हे.

आणि ऑपरेशननंतर? लोह, कॅल्शियम, बी-१२ च्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू द्यायचा नसतो. ज्या घरात आधी सगळ्यांना वाढून उरलंसुरलं बाई खाते, तिथे तिला रोज पुरेशी डाळ, अंडं, दूध कोण देणार? बारामतीहून पुणं सुमारे शंभर किलोमीटर. रात्री उलट्या थांबेनात, तर गाडी कोण काढणार?

तेव्हा सही करण्याआधी विचारा: कोणतं ऑपरेशन, का, नंतर तपासणी कुठे, बिघडलं तर खर्च कुणाचा? उत्तर मराठीत मागा, लिहून घ्या. आणि एक प्रश्न घरात विचारा: हे मला हवंय की तुम्हाला?