पुंगळीची साक्ष



नायगावच्या पोलीस मैदानामुळे आपणां दादर-परळकरांना बंदूक दुरून परिचयाची आहे. तिच्या पोटातील विकार मात्र क्वचितच कोणी पाहतो. आज आम्ही एकाच विकाराविषयी बोलणार आहोत. रायफल गोळी सोडते, पण पुंगळी फाडते किंवा चेपते. असे का व्हावे?

१९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानाच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती. बोल्ट तो हाताने ओढी; पुंगळी घट्ट बसली तर हाताला आधी कळे. त्याच दशकात इशापूरची ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल आली आणि हे काम हाताकडून वायूकडे गेले. वायूला कळत नाही, तो ओढतोच.

बार उडताच चेंबरात वातावरणाच्या ३,००० पटींहून अधिक दाब होतो. पितळी पुंगळी फुगून भिंतीला चिकटते आणि मागची वाट बंद करते. दाब उतरला की किंचित आकसून सुटते. नळीतून घेतलेला थोडा वायू दट्ट्या मागे ढकलतो, बोल्ट उघडतो आणि त्याचा आकडा पुंगळीची कड धरून तिला ओढतो. सारे गणित वेळेचे आहे.

म्हणून खराब पुंगळी फेकू नये, वाचावी. कड फाटली असेल, तर पुंगळी चिकटून होती किंवा बोल्ट घाईने मागे आला. अंगावर उभे ओरखडे असतील, तर चेंबर खरबरीत आहे अथवा मॅगझिनचे ओठ वाकले आहेत. कूस चेपली असेल, तर बहुधा बाहेर उडताना ती कडेवर आपटली. बुडाच्या थोडे वर चकचकीत वलय दिसले, तर तेथे पितळ ताणून पातळ झाले आहे. मग गोळीबार थांबवून शस्त्र आर्मोररच्या हवाली करावे.

पुंगळी अडकली की वायूची कळ फिरवून जोर वाढवावा, हा पहिला मोह. त्याने कड फाटते आणि पुंगळी आतच राहते. आधी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करावी. मग चेंबर पुसून कोरडे करावे, मॅगझिन बदलून पाहावे, दुसऱ्या खेपेची काडतुसे घ्यावीत, आणि शेवटी वायूला हात लावावा. एका वेळी बदल एकच.

आपल्या गिरणगावात मागावर सूत तुटू लागले, की जाणता जॉबर वेग वाढवीत नसे; तुटलेले टोक आधी पाही. जोर वाढविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र या शहराने पाहिली आहे. शिपायाला नवे शस्त्र द्या, ही मागणी रास्तच. परंतु नव्या शस्त्रालाही चेंबर असते आणि ते पुसणारा हात लागतो. त्या हाताला शिक्षण व सवड मिळावी, हेही आपण तितक्याच आग्रहाने मागितले पाहिजे.